काकांच्या कानाबाहेरची शिट्टी

"किती शिकलायस रे तू?" साहेबांनी हे विचारलं तेव्हा त्यांचंच ग्राफिक्स कार्ड माझ्या हातात होतं. दोन्ही हातांनी, फक्त कडेला धरलेलं, काकांनी शिकवलं होतं तसं. प्रश्नाचा मला राग नाही. तो मला नवी मुंबईत आल्यापासून सवयीचा झालाय. राग आहे तो उत्तर माझ्याऐवजी काकांनी दिलं याचा.

"नववी," काका म्हणाले. "नववी पास हाय. झाली असंल चूक पोराकडून."

हे लिहितानासुद्धा माझी बोटं गरम होतात.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. माझं गाव उदगीरच्या पुढे, इथून एक रात्र आणि वर अर्धा दिवस. काका इथल्याच, नेरुळच्या सारसोळे गावचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांचे वडील खाडीत होडी घालायचे, काकांनी मात्र हातात सोल्डरिंगची इस्त्री धरली. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग टीव्हीवाले कमी झाले तसे कम्प्युटरकडे वळले. गावात त्यांची स्वतःची तीन मजली इमारत आहे. खाली गाळ्यात दुकान, मधे काका-काकी, वर गच्चीला लागून माझी खोली.

मी त्यांना भेटलो पावण्याच्या एमआयडीसीत. ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायच्या एका कारखान्यात मी कामाला होतो. काका एक जुना ट्रान्सफॉर्मर नव्याने भरून घ्यायला आले आणि माझ्या मशीनशेजारी उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मला वाटलं काहीतरी चुकलं. मला नेहमी तेच वाटतं. दहावीला नापास झालो तर काय, या भीतीनेच मी दहावीला बसलो नाही, तर बाकीचं काय सांगू.

"हात बरा हाय तुझा," काका म्हणाले. "कम्प्युटरचा काम शिकशील?"

"मला इंग्रजी येत नाही."

"कम्प्युटरला तरी कवरी इंग्रजी येतं? चल."

त्या माणसाने मला काय काय दिलं ते मोजायला बसलो तर मला रागवायचा हक्कच राहणार नाही. राहायला जागा दिली. काकीने पहिल्याच आठवड्यात ताटात बोंबील वाढले आणि मी काटा काढायला लागलो तेव्हा हसून हसून बेजार झाली. कावीळ झाली तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, पहिल्या महिन्यात मी एकाचा मदरबोर्ड जाळला होता. इस्त्री जास्त वेळ टेकली, धूर निघाला, खेळ खलास. गिऱ्हाईक आलं तेव्हा मी मागे शेल्फच्या आड उभा होतो. काका त्याला शांतपणे म्हणाले, "माझ्या हातून जळला. दुसरा देतो." मी आड उभा राहून ऐकलं. त्यानंतर दोन वर्षं मी त्या दुकानात मान खाली घालून, पण मनातून ताठ होऊन काम केलं.

म्हणूनच ते नववीचं वाक्य इतकं लागलं.

तर ते कार्ड. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कम्प्युटरच्या पोटात बसणारी विटेएवढी जड वस्तू. पडद्यावर जे काही हलतं ते ती रंगवते. साहेब नेरुळच्याच एका मोठ्या सोसायटीतले, घरून आयटीचं काम करणारे, आणि काम संपलं की गेम खेळणारे. त्यांच्या कार्डाचे पंखे घासत होते, पिठाच्या गिरणीसारखी घरघर. मी कार्ड उघडलं. चिपवर लावायची पेस्ट वाळून खडू झाली होती. सगळं साफ केलं, नवी पेस्ट, नवे पॅड, नवे पंखे. दुकानातल्या टेस्टवर तासभर चालवलं. थंड, गप्प. साहेब घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी कम्प्युटरचा अख्खा कॅबिनेट गाडीत घालून परत आले.

"काका, ऐका हे." त्यांनी गेम लावला. खेळ सुरू व्हायच्या आधीची नुसती यादी पडद्यावर आली आणि आवाज सुरू झाला. पत्र्यावरून खिळा ओढत न्यावा तसा, पण बारीक, आणि न थांबणारा. माझ्या दाढा शिवशिवल्या.

काका वाकले. कान कॅबिनेटला लावला. सरळ झाले. "काय नाय. पंखा फिरतंय तो."

"काका, सिरियसली? अख्ख्या घरात ऐकू येतं. मी मीटिंगमध्ये असतो तर समोरचे विचारतात हे काय वाजतंय. आधी नव्हतं हे. रिपेरिंगनंतरच सुरू झालंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुना ऐकू येतंय का काय?"

आता त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं होतं. नाही म्हण, असं होतं. पण तो आवाज इतका ढळढळीत होता की नाही म्हणणं म्हणजे समोर उभा असलेला माणूस नाहीच म्हणण्यासारखं होतं. "येतोय," मी म्हणालो.

कॅबिनेट बंद करून मी कार्ड बाहेर काढलं. मग तो प्रश्न, मग ते उत्तर. आणि वर साहेबांचं, "तेच ना काका, इतकी महागडी गोष्ट कोणाच्याही हातात देता तुम्ही." कोणाच्याही. "शनिवारपर्यंत नीट करून द्या, नाहीतर मला नवीन कार्ड पाहिजे तुमच्याकडून."

"शनवारी या," काका म्हणाले. साहेबांची गाडी वळली आणि काका माझ्याकडे वळले.

"कशाला 'येतोय' बोल्लास?"

"आवाज येत होता, काका."

"मना आला नाय! चालीस वर्सं मी कानावर धंदा केलाय. तू मना शिकवतंस?"

हे मात्र खरं होतं. काकांच्या कानाची सगळ्या गावात कीर्ती. जुने डब्यासारखे टीव्ही चालू झाले की त्यांच्यातून एक अगदी बारीक शिट्टी यायची, आवाज बंद केला तरी. काका म्हणे गल्लीतून चालता चालता सांगायचे, या घरात टीव्ही लागलाय, त्या घरात नाही. परीक्षेच्या दिवसांत बाया त्यांना दारात उभं करायच्या. पोरं आवाज बंद करून बघत असायची. काका कान देऊन म्हणायचे, "लागलंय गं." आत धपाटे. त्या पोरांची आता पोरं झालीत, तरी ती काकांना बघून म्हणतात, "तुमच्यामुळं आम्ही शिकलो, आणि तुमच्यामुळंच मार खाल्ला."

"आजपासून टेबलावर बसू नको," काका म्हणाले. "ह्या कार्डाचा काय ते होईपर्यंत इस्त्रीला हात लावायचा नाय. पुसापुशी कर."

टेबल म्हणजे दुकानातली खरी जागा. भिंग असलेला दिवा, इस्त्री, स्क्रू ड्रायव्हरचं स्टँड. तिथे बसतो तो कारागीर, बाकीचा नोकर. मी फडकं घेतलं. गावाकडे माझ्या बापाने सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगा कम्प्युटर इंजिनियर आहे. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "काय करलास बाळा? काम बरं हाय का?" मी म्हणालो, बरं हाय. हातात फडकं होतं. माझ्या डोक्यात पुढचं सगळं तयार होतं. शनिवारी काका साहेबांना नवं कार्ड देणार, मला पावण्याला परत पाठवणार, मी पुन्हा तार गुंडाळणार, आणि बापाला सांगायला मला एकही शब्द सुचणार नाही.

मला एरवी भीतीच वाटते. त्या वेळी राग आला, आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा तो बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी काका जेवून लवंडायला वर गेले. दुकानात कोणी नव्हतं. मी फडकं ठेवलं, कार्ड परत बसवलं आणि साहेबांचा कॅबिनेट लावला.

पावण्याच्या कारखान्यात आमचा मिस्त्री होता. भरलेला ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला की तो बांबूची एक काडी घ्यायचा. एक टोक कॉइलवर, दुसरं कानामागच्या हाडावर. कुठली जागा गाते ते काडी सांगते. तार सैल राहिली, वार्निश आतपर्यंत गेलं नाही, भट्टीत नीट भाजलं गेलं नाही, की वीज आत उड्या मारायला लागते आणि तार तिच्याबरोबर थरथरते. कधी तार घट्ट असते तर मधला लोखंडी गाभाच कुरकुरतो. मी दोन वर्षं हेच केलं होतं. मग या कार्डात काय वेगळं होतं? कार्डावर चिपच्या बाजूला करड्या रंगाचे छोटे चौकोन ओळीने बसवलेले असतात. आत कॉइलच असते, गुंडाळलेली तार. नखाएवढी, पण जात तीच.

काकीच्या कोपऱ्यातून मी काडी तोडून आणली. झाडूची नाही, पापड वाळत घालायच्या बांबूच्या चटईची. काकी अजून विचारते चटई कुणी कुरतडली. एकेका चौकोनावर काडी टेकवत गेलो. तिसऱ्यावर टेकवली आणि शिट्टीचा सूर बदलला. जरा दाबलं तर खाली गेला. हात काढला, पुन्हा वर. पाचव्यावरही थोडा. बाकीचे गप्प.

मग मी गेमच्या आत गेलो. प्रत्यक्ष खेळ सुरू झाला तेव्हा शिट्टी कमी झाली, भरड झाली. यादीवर परत आलो, पुन्हा किंचाळली. नुसत्या यादीवर जास्त आणि खेळात कमी? उलटं असायला हवं होतं. मी कोपऱ्यातला आकडा सुरू केला, कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतंय तो. खेळात दीडशेच्या आसपास. त्या रिकाम्या यादीवर दोन हजारांच्या वर. काम काहीच नाही, म्हणून कार्ड वेड्यासारखं तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत बसलं होतं, आणि प्रत्येक चित्राला वीज एक झटका देत होती. सेकंदाला दोन हजार झटके. कॉइल शिट्टी नाही मारणार तर काय करणार?

मी सेटिंगमध्ये साठाची मर्यादा घातली. शांत. जवळ कान नेला तर मच्छर लांबून गेल्याइतकं.

दुकानातला दुसरा पॉवर सप्लाय लावून बघितला, तर सूर थोडा बदलला. म्हणजे त्यांच्या सप्लायचाही हात असावा. कॉइलशेजारचे छोटे कपॅसिटरही वाजतात म्हणतात, तेही असेल. एवढं पक्कं सांगणारा मी कोण? पण एक गोष्ट पक्की होती. आधी आवाज का नव्हता, ते माझ्या लक्षात आलं आणि मी स्टुलावर बसूनच राहिलो.

आधी आवाज होता. पंख्यांच्या घरघरीत बुडालेला. आणि शिवाय कार्ड इतकं तापायचं की जळू नये म्हणून ते स्वतःच स्वतःचा वेग तोडायचं, विजेची भूकही कमी. मी ते थंड केलं, पंखे गप्प केले, कार्ड पहिल्यांदा पूर्ण ताकदीने पळायला लागलं. आमच्या दुकानातली टेस्ट त्याला सगळं काम देते, रिकामं सोडत नाही, म्हणून तिथे शिट्टी आलीच नाही. म्हणजे मी काम बिघडवलं नव्हतं. मी काम चांगलं केलं होतं, म्हणून ते ऐकू आलं. आणि त्याच कामासाठी माझी नववी काढली गेली होती.

जिन्यावर काकांची चप्पल वाजली. मी काडी कचऱ्याच्या डब्यामागे टाकली, फडकं उचललं. कॅबिनेट बंद करायचा राहिला होता. मर्यादा पुन्हा काढलेली होती, घाईत मी फक्त पडदा बंद केला होता, शिट्टी दुकानभर फिरत होती. काका आले, त्या कॅबिनेटला टेकून उभे राहिले, चहाचा कप वर ठेवला आणि म्हणाले, "बंद हाय ना हा? मंग वायर का लावलंस?"

कोपर त्याच्यावर होतं त्यांचं. मग एकेक आठवायला लागलं. वर टीव्हीचा आवाज वाढवून बसतात आणि काकी ओरडते. मीटरने तार तपासताना मीटर पीं करून वाजतं, बाकीचे सगळे त्या आवाजावर काम करतात, काका मात्र दर वेळी वाकून आकडा बघतात. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती शिट्टी मारणारे टीव्ही हळूहळू घराघरांतून गेले, चपटे आले, ते मुळातच गप्प. शिट्टी टीव्हीबरोबर गेली की कानाबरोबर, हे काकांना कळायला मार्गच राहिला नव्हता.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्यावर राग बसला होता, मांडी घालून.

शनिवारी साहेब अकराला आले. काका काउंटरवर हात जोडायच्या बेतात होते. "साहेब, असं करू..."

"थांबा," मी म्हणालो. दुकानात दोन वर्षांत हा शब्द मी काकांना पहिल्यांदा वापरला. काकांच्या भुवया वर गेल्या. मी कॅबिनेट लावला, गेम लावला, मोबाईलवर आवाजाची रेघ दाखवणारं ॲप उघडलं आणि मोबाईल कार्डाशेजारी धरला. रेघेत एक सुळका वर गेला.

"हा तुमचा आवाज," मी साहेबांना म्हणालो. मर्यादा घातली. सुळका खाली बसला. काढली, पुन्हा वर. तीनदा केलं. मग काडी घेऊन कुठली कॉइल ते दाखवलं, आणि आधी का ऐकू येत नव्हतं ते सांगितलं. माझा आवाज चढत होता, मला कळत होतं. "साहेब, तुमचं कार्ड आधी लंगडत होतं. आता पळतंय म्हणून दम लागल्याचा आवाज येतोय. कोणाच्याही हातून झालं असतं तर आलाच नसता."

साहेबांनी वाकून मोबाईलवरची रेघ बघितली. "इंटरेस्टिंग. हे शिकलास कुठे?"

"नववीत."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "ओके, ओके. मग आधीच सांगायचं ना यार. एवढं टेन्शन दिलं." सॉरी नाही. काहीच नाही. टेन्शन मी दिलं होतं! कॅबिनेट गाडीत ठेवायला मात्र मलाच हाक मारली, आणि मी गेलो, नीट ठेवला, आडवा पडू नये म्हणून बाजूला त्यांचीच उशी लावली. सवय.

परत आलो तर काकांनी शटर अर्धं ओढलं होतं. माझा मोबाईल त्यांच्या हातात होता.

"ही रेघ वर गेली तवा आवाज येत होता?"

"हो."

"मोठा?"

"हो काका."

ते शिडी लावून माळ्यावर चढले. मी धरतो म्हणालो, तर नको म्हणाले. धुळीने भरलेला एक जुना पोर्टेबल टीव्ही छातीशी धरून खाली उतरले. पिक्चर ट्यूब गेलेली, पडदा काळाच राहतो, पण बाकीचं चालतं. टेबलावर ठेवला. माझ्या टेबलावर.

"पाठ कर."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, वर्गात करतात तसा. मागे बटणाचा खटका झाला आणि ती शिट्टी आली. मी आयुष्यात ती पहिल्यांदा ऐकत होतो, तरी ओळखली. सुईसारखी, डोक्याच्या बरोबर मधे.

मला खोटं बोलता आलं असतं. आतला भाग मेलाय काका, शिट्टी नाही, असं. त्यांनी माझ्यासाठी मदरबोर्ड स्वतःच्या नावावर घेतला होता, मी एका टीव्हीचं खोटं स्वतःवर घेऊ शकलो असतो. मी तोंड उघडलंही. पण मला ते "झाली असंल चूक पोराकडून" ऐकू आलं.

"चालू आहे," मी म्हणालो. "कान फाटेल एवढी येतेय."

खटका. "आता?"

"बंद."

"आता?"

"चालू."

एकदा मला फसवायला त्यांनी बटण पटकन दोनदा दाबलं. मी म्हणालो, "चालूच आहे." मग बराच वेळ खटका झाला नाही. मी वळलो. काका एक हात टीव्हीवर ठेवून स्टुलावर बसले होते. शिट्टी चालू होती आणि ते तिच्यापासून वीतभर अंतरावर, तोंड किंचित उघडं ठेवून, वाट बघत होते.

मीच पुढे होऊन बंद केला.

"काकीला सांगू नको," ते म्हणाले.

"नाही सांगत."

"सोमवारी टेबलावर बस."

"काका," मी म्हणालो. "आणि ते नववीचं?"

"काय नववीचा?"

"साहेबांसमोर बोललात ते."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला, मला दिसत होतं. मला रात्ररात्र जागवणारं ते वाक्य त्यांच्या लक्षातच नव्हतं. मग कुठेतरी सापडलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडून शटरकडे बघितलं. "जेवून घे," एवढंच म्हणाले आणि शटर वर सरकवलं.

सोमवारी मी खाली उतरलो तेव्हा टेबल पुसलेलं होतं. ते काकांनी पुसलं होतं, कारण कोपऱ्यातली धूळ तशीच होती. त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरच्या स्टँडमध्ये, पकडीच्या शेजारी, माझी बांबूची काडी उभी होती. तिचं टोक कुणीतरी ब्लेडने नीट तासून दिलं होतं. दहा वाजता एक बाई वाजणारा लॅपटॉप घेऊन आल्या. काका त्यांना म्हणाले, "त्याच्याकडं द्या. ऐकायचा काम त्याचा हाय."

किती शिकलाय ते सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. मी काडी उचलली आणि कामाला लागलो, रागातच.